लहानुभाऊचा सायलेन्सर

आमच्या बेलापूरच्या बाहेर, कालव्यावरच्या छोट्या पुलाआधी एक पिवळी पाटी उभी आहे. पूल कमकुवत आहे, जड वाहने नेऊ नयेत, असं तिच्यावर लिहिलंय. बाकीचे ट्रकवाले पाटी वाचतात आणि वळसा घालतात, किंवा वाचत नाहीत आणि पुलावरून जातात. लहानुभाऊ मात्र पाटीपाशी ट्रक थांबवतो, काच खाली करतो, पाटीकडे बघून विचारतो, "कोन म्हनतो?" पाटीला उत्तर देता येत नाही याची खात्री झाली की गिअर टाकतो आणि पुलावर चढतो. गेली कित्येक वर्षं हे चाललंय. पूल पडलेला नाही, त्यामुळे या वादात सध्या लहानुभाऊच पुढे आहे.

माझं मेडिकलचं दुकान ट्रक-स्टँडच्या समोर आहे. लहानुभाऊ मला डाक्टर म्हणतो. मी डॉक्टर नाही, हे मी त्याला अनेकदा सांगितलं, आणि त्यावर त्याने काय विचारलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. गोळ्यांच्या पाकिटावरची मुदत संपल्याची तारीख दाखवली तरी त्याचा तोच प्रश्न. एकदा त्याला खोकल्याचं औषध दिलं आणि हे पिऊन गाडी चालवू नकोस, झोप येते, म्हणून बजावलं. त्याने तिथंच झाकण उघडून दोन घोट घेतले, संगमनेरची खेप करून आला, आणि झोप अजिबात आली नाही हे सांगायला दुकानात शिरला. सांगता सांगता माझ्या बाकावर जो आडवा झाला तो दिवेलागणीला उठला. उठल्यावर म्हणाला, ही झोप औषधाची नाही, तुमच्या बाकाची आहे.

नाव लहानू, उंची सहा फूट. बायकोने त्याच्यापुढे लग्नाच्या पहिल्याच वर्षी हात टेकले. पोरी लग्न होऊन गेल्या. आता घरात तो काही बोलला तर कोणी वाद घालत नाही, आणि हे त्याला फार लागतं. वाद घालायला म्हणून तो स्टँडवर येतो.

त्याच्या या प्रश्नाला आजवर एकाच माणसाने उत्तर दिलंय. त्याचे थोरले भाऊ कारभारी, म्हणजे सगळ्या गावाचे नाना. स्टँडमागच्या गल्लीत त्यांचं जळलेल्या पाणमोटारींत नवी तार भरून देण्याचं दुकान आहे. तांब्याच्या तारेत दिवसभर हात, त्यामुळे नाना काहीही बांधायचं झालं तर सुतळी शोधत नाहीत, तारच घेतात. चष्म्याची काडी तारेने बांधलेली, पावत्यांचा गठ्ठा तारेने बांधलेला, आणि प्रत्येक ठिकाणी तीच दुहेरी पिळाची, टोक आत दडवलेली गाठ. अकरा वर्षांपूर्वी लहानुभाऊने जुना दहाटायरी ट्रक घ्यायचं काढलं तेव्हा नाना म्हणाले, तुला गाडी जमायची न्हाई. लहानुभाऊने सवयीने विचारलं, "कोन म्हनतो?" नाना म्हणाले, "मी म्हनतो."

त्या दिवसापासून अबोला. लग्नात दोघे मांडवाच्या दोन टोकांना, मयतीत तिरडीच्या दोन बाजूंना. बहिणीने मध्ये पडून पाहिलं, भावकीने पाहिलं, शेवटी सगळे दमले. अगदीच निकडीचा निरोप असला तर तो माझ्या दुकानातून जायचा. नाना बामची डबी घ्यायला यायचे आणि डबीकडे बघत सांगायचे, 'त्याला म्हनावं, मामा आजारी हायेत.' लहानुभाऊ संध्याकाळी यायचा आणि गोळ्यांच्या बरणीकडे बघत म्हणायचा, 'त्याला म्हनावं, मला कळलंय.' दोघांनी मिळून माझा पोस्टमन करून टाकला होता आणि टपालहशील कोणीच देत नव्हतं.

गेल्या नवरात्राच्या आधी ट्रकचा सायलेन्सर गंजून फुटला. स्टँडवर सगळ्यांचं एकमत झालं की कंपनीचा आणून बसवावा. सगळ्यांचं एकमत म्हटल्यावर लहानुभाऊने सलीमभाईंचं फॅब्रिकेशनचं शेड गाठलं. हे शेड नानांच्या दुकानाला लागूनच आहे. कंपनी काय माझ्या केबिनमध्ये बसून ऊस वाहते का, असा त्याचा सवाल होता. त्याने स्वतःच खडूने जमिनीवर चित्र काढून दिलं: मोठा ड्रम, आत येणारं तोंड रुंद, बाहेर जाणारी नळी त्याहून बारीक, आणि आवाज असा की कालव्यापासून बाजारतळापर्यंत गेला पाहिजे. एवढा आवाज कशाला, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, "कळलं पायजे ना काही लोकांला, गाडी अजून चालू हाय म्हनून." काही लोक म्हणजे कोण, ते विचारायची गरज नव्हती.

ड्रम तयार झाला नेमका खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. खंडेनवमीला आमच्या त्या गल्लीत कोणी हत्याराला हात लावत नाही. पाने, हातोड्या, ग्राइंडर सगळं धुऊन मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, पुढे नारळ ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत हलवायचं नाही. सलीमभाईसुद्धा वेल्डिंगचं मशीन बंद ठेवतात. सगळी गल्ली गप्प असताना आपण ठणठणाट करणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. लहानुभाऊ भर दुपारी ड्रम न्यायला हजर. सलीमभाई म्हणाले, आजचा दिवस राहू द्या, उद्या दसरा, मुहूर्त चांगला, मी स्वतः येऊन बसवतो. त्यावर त्याने तोच प्रश्न टाकला आणि ड्रम खांद्यावर घेऊन चालू लागला. त्या दिवशी मदतीला कोण येणार? खालून जॅक, वरून दोरखंड, आणि मध्ये हा एकटा. दिवस मावळेपर्यंत ट्रकखाली उताणा पडून त्याने सायलेन्सर चढवला.

दसऱ्याला सकाळी ट्रक सुरू झाला आणि माझ्या दुकानातल्या बाटल्या फळीवर हलायला लागल्या. आवाज मनाजोगता होता. लहानुभाऊने नानांच्या दुकानापुढून तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला नाना बाहेर येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरलेला दिसला, आणि मला वाटलं, आवाजाचा राग आला असेल. त्याच वेळी ड्रममध्ये काहीतरी खडखडत होतं आणि सगळ्या रस्त्यावर खोबरं भाजल्याचा खमंग वास सुटला होता. दुकानावरच आमचं घर आहे. बायको जिना उतरून विचारायला आली की सणाच्या दिवशी काळा मसाला कोण करतंय. लहानुभाऊ म्हणाला, नव्या रंगाचा वास आहे, आणि नवा सायलेन्सर चार दिवस खडखडतोच.

चार दिवसांत खडखड थांबली, वासही गेला, आणि त्यांच्याबरोबर गाडीचा जोरही गेला. रिकामी गाडी कशीबशी पळायची, पण माल भरला की पिकअप नाही, मागे काळा धूर, इंजिन तापलेलं. कांदा घेऊन इमामपूरच्या घाटात गेला तेव्हा दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर त्याला मागे टाकून गेला आणि जाता जाता ट्रॅक्टरवाल्याने टोचन लावून ओढू का म्हणून विचारलं. हे त्याने मला सांगितलं नाही. ट्रॅक्टरवाल्यानेच सगळ्या जिल्ह्याला सांगितलं.

एरवी ही गंमत म्हणून सोडून दिली असती. पण महिनाभरात कारखान्याचा हंगाम सुरू होणार होता. ऊसतोडीची एक टोळी दरवर्षी लहानुभाऊच्या गाडीला जोडून मिळते. टोळी येईल त्या दिवशी गाडी भार ओढायला तयार पाहिजे. नसली तर टोळी दुसऱ्याच्या गाडीला जोडतात आणि आपण सहा महिने स्टँडवर पत्ते कुटत बसायचं. लहानुभाऊला शेती नाही. जे काही आहे ते या दहा चाकांवर.

तेव्हा दुरुस्ती सुरू झाली. आधी पंपावरच्या डिझेलला दोष, म्हणून टाकी रिकामी करून धुतली. मग डिझेल फिल्टर, मग हवेचा फिल्टर. मग इंजेक्टर काढून नगरला तपासून आणले. ते ठणठणीत निघाले, म्हणून तपासणाऱ्याला दोष. मग टर्बो उघडला. टर्बोही बरा निघाला, तेव्हा लहानुभाऊ त्याच्यावरच रागावला. मिस्त्री सांगत होता, ड्रायव्हर सांगत होते, चहावाला सांगत होता की सायलेन्सर बसवल्यापासून हे लागलंय, तर सायलेन्सर काढून बघ. मीही माझ्या परीने सांगितलं की माणसाचं नाक चोंदलं तर आपण गुडघ्याला बाम लावत नाही. त्याने भर स्टँडवर जाहीर केलं की या सायलेन्सरमध्ये खोट निघाली तर लहानू नाव लावणार नाही. आता नावाचाच प्रश्न झाल्यावर सायलेन्सर सोडून गाडीचा प्रत्येक नट उघडून झाला.

गंमत म्हणजे या सगळ्या काळात नानांचं डोकं फार दुखायला लागलं. एरवी महिन्याला एक बामची डबी नेणारे नाना दर दोन दिवसांनी यायचे. डबीकडे बघत म्हणायचे, "त्याला म्हनावं, ड्रम आतून बघ." मी निरोप पोचवला. लहानुभाऊ पेटलाच. अकरा वर्षं गाडीकडे ढुंकून बघितलं नाही आणि आता माझा सायलेन्सर फोडायला निघालाय, म्हणाला. नानांना मी हे सांगितलं. आत काय आहे, तुम्हाला कसं ठाऊक, असं मी विचारलं. त्यांनी बामची डबी उघडली, बंद केली, आणि पैसे ठेवून गेले.

टोळी परवा येणार असं कळलं त्या दिवशी नाना दुपारचं जेवण सोडून आले. डबी मागितली नाही. पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून म्हणाले, "शपथ घाला त्याला. माझं नाव नका घेऊ, पन आतून बघाया लावा. त्याचा हंगाम जाईल हो." मला काय आहे ते कळलं नाही, पण हा माणूस घाबरलाय एवढं कळलं.

लहानुभाऊच्या अंगणात गेलो. तो ट्रकपुढे उकिडवा बसला होता आणि उघडायला आता गाडीत काही शिल्लक नव्हतं. शपथेचा उपयोग नाही हे मला माहीत होतं. मी म्हणालो, नानांचा निरोप आहे. तो मान वर न करता म्हणाला, ठाऊक हाय, आतून बघ. मी म्हणालो, "नाही. नाना म्हणतात, काय वाटेल ते कर, पण ड्रम उघडू नकोस."

तो उठला. "कोन म्हनतो?" असं ट्रकलाच विचारलं आणि पाना घेतला.

अर्ध्या तासात सायलेन्सर खाली आला. ग्राइंडरने ड्रमचं मागचं झाकण कापलं, ड्रम उभा करून आपटला, आणि आतून कोळशाचे तुकडे पडले. काही चपटे, काही वाटीसारखे वाकलेले. बाहेर जाणाऱ्या नळीच्या तोंडात हेच तुकडे जळक्या फडक्याच्या राखेसकट घट्ट बसले होते. लहानुभाऊने एक तुकडा उचलला, वास घेतला. "करवंटी हाय ही," तो म्हणाला. "डाक्टर, नारळ हाय हा. माझ्या सायलेन्सरचा काय बी दोष न्हाई." महिनाभरात पहिल्यांदा त्याची छाती फुगली. स्टँडवरच्या प्रत्येकाला आत्ता इथं बोलावतो म्हणून त्याने खिशातून मोबाईल काढला.

नळी मोकळी करायला म्हणून त्याने दुसऱ्या हाताचं बोट आत घातलं होतं. बोटाबरोबर तार बाहेर आली. तांब्याची बारीक तार, काळी पडलेली, पण वेटोळी अजून एकसारखी, एकाला एक चिकटून. नारळावर लाल फडकं गुंडाळून वरून तारेने बांधलं असणार. फडकं गेलं, नारळ गेला, तार राहिली. टोकाला दुहेरी पिळाची, आत दडवलेली गाठ.

मोबाईल त्याच्या हातात तसाच राहिला.

मला तेव्हा सलीमभाईंचं बोलणं आठवलं. खंडेनवमीच्या संध्याकाळी नाना शेडमध्ये आले, ड्रम कुठं आहे म्हणून विचारलं, लहानू दुपारीच घेऊन गेला म्हटल्यावर चहा न पिताच परतले, असं त्यांनी मला सहज सांगितलं होतं. मी ते लहानुभाऊला सांगितलं. बाकीचं आम्हा दोघांनाही उमगलं. नानांनी सकाळी आपल्या हत्यारांची पूजा केली, कोणी नाही असं बघून शेजारी भावाच्या ड्रमचीही केली. नारळ वर ठेवला तर गल्लीला दिसेल, म्हणून आत ठेवला. दुसऱ्या दिवशी सलीमभाई यायच्या आत काढून घेणार होते. आपला भाऊ खंडेनवमीलाच ड्रम उचलून नेईल हे त्यांच्या डोक्यात आलं नाही, आणि नेल्यावर सांगायला जीभ उचलली नाही. सांगितलं असतं तर पूजा केल्याचं कबूल करावं लागलं असतं.

"आमचा बा असा नारळ ठेवायचा," लहानुभाऊ म्हणाला. "नवी मोट आनली, नवा नांगर आनला, की आदी नारळ. मी गाडी घेतली तवा कुनीच ठेवला न्हवता." बोलता बोलता तो तारेची ती गाठ अंगठ्याने चोळत होता. मला त्याची दया आली, आणि खरं सांगायचं तर दोघांचा मनस्वी रागही आला. अकरा वर्षं!

ग्राइंडरचा आवाज ऐकून स्टँडवरची मंडळी आली होती. फाटकापाशी दहाबारा जण जमले, मिस्त्री पुढे. सलीमभाईही आले, बिचारे घाबरत, आपल्या कामाला नाव ठेवलं जाणार म्हणून. आणि सगळ्यांच्या मागे, फाटकाच्या बाहेर, नाना.

लहानुभाऊने तार खिशात घातली. पायाने कोळसे ट्रकखाली लोटले. मिस्त्रीने विचारलं, काय निघालं आत? महिनाभर गावाने ज्याला वेड्यात काढलं, त्याच्या खिशात त्याच्या शहाणपणाचा पुरावा होता. तो बाहेर काढला की बाजी त्याची. आणि मग पुढची दहा वर्षं सगळा तालुका नानांना सायलेन्सरात नारळ भाजणारा म्हणून हसणार.

लहानुभाऊने माणसांच्या डोक्यांवरून फाटकाकडे पाहिलं.

"काय न्हाई निघालं," तो म्हणाला. "सलीमभाईचं काम चोख हाय. मी उलटा बसवला हुता. चूक माझी."

कोणाला आधी समजलंच नाही. अकरा वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस सायलेन्सर उलटा बसवतो म्हणजे शाळामास्तराने फळ्यावर आपलं नाव चुकीचं लिहिण्यासारखं. मग जे हसू फुटलं ते थांबेना. मिस्त्रीने कपाळाला हात लावला. कोणीतरी आता नाव काय लावायचं ते विचारलं, आणि दुसऱ्याने तिथल्या तिथं उत्तर दिलं, उलटा लहानू. ते नाव आजही चालू आहे. लहानुभाऊ मान ताठ ठेवून, कोणालाही भिडेल अशा नजरेने, ते सगळं ऐकत उभा राहिला. मी त्याला इतका चिडलेला आणि इतका शांत एकाच वेळी कधी पाहिला नव्हता.

हसून झाल्यावर मंडळी पांगली. सलीमभाई झाकणाला वेल्डिंग मारायला बसले. नाना फाटकातून आत आले. अकरा वर्षांत त्यांनी त्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. ते लहानुभाऊपाशी न थांबता सायलेन्सरपाशी गेले, वाकून नळीच्या आत बघितलं, आणि नळीलाच म्हणाले, "चढवायला खालून एक मानूस लागतो."

"मला न्हाई लागत," लहानुभाऊ म्हणाला. "मागं मी एकट्यानंच चढवला."

"व्हय," नाना म्हणाले. "उलटा."

मला वाटलं, आता पेटणार. लहानुभाऊने दोन पोत्यांच्या घड्या केल्या, एक ट्रकखाली आपल्या बाजूला टाकली, आणि दुसरी नानांच्या पायाशी.

वेल्डिंग निवल्यावर दोघे खाली शिरले. मी दुकान उघडं टाकून आलो होतो, पण निघवेना. खालून कोण कुठं धरतोय यावर वाद सुरू झाला. बोल्ट आधी पुढचा की मागचा यावर झाला. बापाने नांगर कोणत्या साली घेतला इथपर्यंत तो गेला, आणि दोघेही एकाच वेळी बोलत असल्यामुळे कोणाचं काय ते कळेना. ट्रकखालून चार पाय बाहेर आले होते, चारही टाचांना सारख्याच भेगा. कोणते नानांचे आणि कोणते लहानुभाऊचे, मला सांगता येईना.